वायफायची रेंज फुल्ल, तरी लॅपटॉपवर फॉर्म का अडकतो?

जव्हार तालुक्यातला दाभोसा म्हटलं की लोकांना सुमारे ३०० फूट कोसळणारा धबधबा आठवतो. पर्यटकांची मोबाइल रेंज गेली तर ते हसून सोडून देतात. पण अशा दऱ्याडोंगरांत राहणाऱ्या मुलांना ते परवडत नाही. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. शेवटच्या दिवशी फॉर्म अडकला तर मुलाची मेहनत वाया जाते. म्हणून आम्ही हा विषय घेतोय.

जिथे ब्रॉडबँड नाही तिथे लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. यात सिग्नलचे दोन टप्पे असतात. पहिला टॉवर ते मोबाइल, दुसरा मोबाइल ते लॅपटॉप. लॅपटॉपवरचं वायफायचं चिन्ह फक्त दुसरा टप्पा दाखवतं. म्हणूनच तिथे रेंज फुल्ल दिसते आणि पान मात्र उघडत नाही.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा. तीच वेबसाइट मोबाइलवर उघडून बघा. मोबाइलवरही चाक फिरत राहिलं तर अडचण टॉवरकडून आहे. मोबाइलवर पटकन उघडली तर अडचण मोबाइल आणि लॅपटॉपच्या मध्ये आहे.

टॉवरकडून अडचण असेल तर लॅपटॉप जागेवरच राहू द्या, मोबाइल हलवा. डोंगर, पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा स्लॅब सिग्नल अडवतात. मोबाइल खिडकीत, ओट्यावर किंवा माळ्यावर, जिथे रेंज चांगली मिळते तिथे ठेवा.

आता मोबाइल लांब गेला, तर दुसरा टप्पा सांभाळायला हवा. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झालं की सिग्नलची ताकद चौथ्या हिश्शावर येते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो लवकर कमजोर पडतो. मध्ये भिंत असेल तर २.४ निवडा. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही खिडकीजवळ बसत असतील तर सरळ केबल जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मग वायफायचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक गोष्ट. विंडोज मागच्या मागे अपडेट ओढत असतं. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की हे बरंचसं थांबतं. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, चार्जर लावा.

एवढं करूनही टॉवरच पोहोचत नसेल तर लॅपटॉपशी झगडण्यात अर्थ नाही. कागदपत्रं आधीच स्कॅन करून, लहान साइजमध्ये तयार ठेवा आणि रेंजच्या ठिकाणी जाऊन फॉर्म भरा. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो मोबाइल सोबत घ्या. पालकांनो, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. त्या दिवशी वेबसाइटवरही गर्दी असते.