द व्हॉइस ऑफ चायना

द व्हॉइस ऑफ चायना (चिनी नाव: चोंग्क्वो हाओ शंगयिन, अर्थ: ‘चीनचा उत्तम आवाज’) ही चीनमधील दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा असून तिचा पहिला भाग चच्यांग दूरचित्रवाणीच्या उपग्रह वाहिनीवर १३ जुलै २०१२ रोजी प्रसारित झाला. चार नामवंत गायक-गायिका स्पर्धकांकडे पाठ करून बसतात आणि केवळ आवाज ऐकून त्यांची निवड करतात, ही या स्पर्धेची मध्यवर्ती कल्पना आहे. नेदरलँड्समधील ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ या कार्यक्रमाचा आराखडा विकत घेऊन ती उभी करण्यात आली. आराखड्याच्या हक्कांवरून झालेल्या वादामुळे २०१६ आणि २०१७ मध्ये ती ‘सिंग! चायना’ या नावाने सादर झाली. २०१८ मध्ये जुने चिनी नाव परत आले. २५ ऑगस्ट २०२३ रोजी वाहिनीने चालू पर्वाचे प्रसारण स्थगित केले.

पार्श्वभूमी

चीनमध्ये गायनस्पर्धांची लाट ‘सुपर गर्ल’ या हूनान वाहिनीच्या कार्यक्रमाने आणली. २००५ च्या पर्वात प्रेक्षकांनी मोबाइल संदेशांद्वारे मते दिली आणि अंतिम फेरीत विजेती ली युछुन हिला ३५ लाखांहून अधिक मते मिळाली. ज्या देशात सामान्य नागरिकाला अशा प्रमाणावर कोणतेही मत देण्याची सवय नव्हती, तेथे या आकड्याची चर्चा संगीताच्या पलीकडे जाणे अपरिहार्य होते. २००७ मध्ये प्रसारण नियामक संस्थेने अशा स्पर्धांत स्टुडिओबाहेरून दूरध्वनी, संदेश किंवा इंटरनेटद्वारे मत घेण्यास मनाई केली. २०११ च्या अखेरीस उपग्रह वाहिन्यांवरील मनोरंजनपर कार्यक्रमांच्या संख्येवरही मर्यादा आली.

परिणामी २०१२ मध्ये नव्या स्पर्धेला प्रेक्षकांच्या मतांचा आधार घेता येणार नव्हता. निर्णयाचे नाट्य कोठून तरी दुसरीकडून आणावे लागणार होते आणि डच आराखड्यात ते तयारच होते. जॉन द मोल यांच्या टाल्पा या कंपनीने २०१० मध्ये सुरू केलेल्या मूळ कार्यक्रमात सर्वांत रंगतदार क्षण मतमोजणीचा नसून खुर्ची वळण्याचा होता. याच आराखड्यावरून पुढे जून २०१५ मध्ये हिंदीत ‘द व्हॉइस इंडिया’ सुरू झाला. मराठी प्रेक्षकांना फिरत्या खुर्च्यांची ओळख बहुधा त्यामुळेच झाली.

चिनी आवृत्तीची निर्मिती शांघाय येथील त्सानशिंग या कंपनीने केली. तिचे प्रमुख थिएन मिंग हे पूर्वी शांघायच्या ड्रॅगन टीव्ही या वाहिनीत वरिष्ठ पदावर होते आणि ‘चायनाज गॉट टॅलेंट’ (२०१०) या आयात आराखड्याच्या यशामागे याच चमूचा हात होता. आराखडा विकत घेणे म्हणजे केवळ कल्पना घेणे नव्हे. त्यासोबत खुर्च्यांची रचना, प्रकाशयोजना, छायाचित्रणाचे कोन आणि भागाची मांडणी सांगणारी सविस्तर नियमपोथी येते. या व्यवसायात तिला ‘बायबल’ म्हणतात.

स्पर्धेचे स्वरूप

पहिला टप्पा ब्लाइंड ऑडिशनचा असतो. स्पर्धक गाऊ लागतो तेव्हा चारही मार्गदर्शकांची पाठ त्याच्याकडे असते. एखाद्याने बटण दाबले की त्याची खुर्ची वळते व स्पर्धक त्याच्या संघात जातो. एकाहून अधिक खुर्च्या वळल्या, तर निवडीचा अधिकार स्पर्धकाकडे येतो आणि आतापर्यंत परीक्षक असलेले कलावंत अनोळखी तरुणाची मनधरणी करू लागतात. प्रसिद्ध माणसाने अप्रसिद्ध माणसापुढे अर्ज करावा, ही उलटापालट चिनी प्रेक्षकांना नवी होती. पूर्वीच्या स्पर्धांतील परीक्षक बहुधा कठोर, क्वचित अपमानकारक शेरे मारत. येथे मात्र नकारही खुर्ची न वळण्याइतकाच मूक असे.

पुढील फेऱ्यांत एकाच संघातील स्पर्धक एकमेकांविरुद्ध गातात, मार्गदर्शक त्यांतून निवड करतात आणि प्रत्येक संघाचा एक प्रतिनिधी शेवटी उरतो. बाहेरून मते घेण्यास बंदी असल्याने नंतरच्या फेऱ्यांत माध्यम-प्रतिनिधींचे मंडळ आणि प्रत्यक्ष उपस्थित प्रेक्षक यांची मते धरण्यात आली.

स्पर्धक निवडण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. खुल्या चाचणीच्या रांगा लावण्याऐवजी दिग्दर्शक चमूतील माणसे शहरोशहरी फिरून, मद्यगृहांत गाणाऱ्यांना ऐकून, संगीत महाविद्यालयांत व इंटरनेटवर शोध घेऊन गायक गोळा करत. त्यामुळे मंचावर येणारे बहुतेक जण आधीपासून पोटापाण्यासाठी गाणारे असत. दुसऱ्या पर्वातील याओ बेइना हे त्याचे ठळक उदाहरण होय. २००८ मध्ये राष्ट्रीय वाहिनीच्या तरुण गायकांच्या स्पर्धेत तिने विजेतेपद मिळवले होते आणि एका अतिशय लोकप्रिय ऐतिहासिक मालिकेची गीते तिने गायली होती. अशा गायिकेने नवोदितांच्या रांगेत उभे राहावे का, असा आक्षेप घेतला गेला. तथापि पाठ फिरवून बसलेल्या परीक्षकासमोर पूर्वकीर्तीचा उपयोग नाही, हे आराखड्याचे तत्त्व तिच्या बाजूने होते. स्तनाच्या कर्करोगाने जानेवारी २०१५ मध्ये तिचे निधन झाले.

‘फक्त आवाज’ या दाव्याला कार्यक्रमाने स्वतःच बरीच मुरड घातली, हेही नमूद करणे आवश्यक आहे. गाण्यापूर्वी दाखवलेली चित्रफीत, बाहेर वाट पाहणारे नातेवाईक आणि गाणे संपल्यावर उलगडणारी दुःखाची कहाणी यांना भागात मोठी जागा मिळे. मार्गदर्शकांना स्पर्धक दिसत नसे, प्रेक्षकांना मात्र तो आयुष्यासह दिसत असे. काही कहाण्यांच्या सत्यतेबद्दल पहिल्याच पर्वात शंका उपस्थित झाल्या. वांग फंग हे मार्गदर्शक स्पर्धकांना त्यांचे स्वप्न कोणते, असे इतक्या वेळा विचारत की तो प्रश्न देशभर विनोदाचा विषय झाला.

मार्गदर्शक आणि विजेते

पहिल्या पर्वाचे मार्गदर्शक लिउ ह्वान, ना यिंग, हार्लेम यू आणि यांग खुन हे होते. लिउ ह्वान यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनसोहळ्यात सारा ब्राइटमन यांच्यासह मुख्य गीत गायले होते. हार्लेम यू हे तैवानचे. मुख्य भूमी आणि तैवान यांतील कलावंत एकत्र बसवण्याची ही रीत पुढेही चालू राहिली. दुसऱ्या पर्वात चांग ह्वेमेई (अ-मेई), तिसऱ्यात छी छिन आणि चौथ्यात जे चौ हे तैवानी गायक सहभागी झाले. जे चौ यांच्या आगमनाने चौथे पर्व विशेष गाजले.

पहिली अंतिम फेरी ३० सप्टेंबर २०१२ रोजी शांघाय स्टेडियमवर झाली. ना यिंग यांच्या संघातील लिआंग बो विजेता, तर हार्लेम यू यांच्या संघातील वू मोछौ उपविजेती ठरली. त्यानंतर ली छी (२०१३), चांग बिचन (२०१४) आणि चांग लेई (२०१५) विजेते झाले; चांग बिचन ही पहिली स्त्री-विजेती. विजेतेपद आणि पुढील लोकप्रियता यांचा मेळ मात्र नेहमी बसला नाही. यी समाजातील जिके च्युनयी आणि २०१४ चा उपविजेता उयघुर गायक पेरहात यांना मिळालेला प्रतिसाद त्या दृष्टीने बोलका आहे. २०१७ मध्ये ताशी फुंत्सोक आणि २०१८ मध्ये तेन्झिन न्यिमा असे लागोपाठ दोन तिबेटी गायक विजेते झाले. २०१६ मध्ये सिंगापूरचा नेथन हार्टोनो उपविजेता ठरला, तेव्हा त्याच्या देशात या चिनी कार्यक्रमाकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष वेधले गेले. ‘सुपर गर्ल’ची विजेती ली युछुन २०२० मध्ये याच स्पर्धेत मार्गदर्शकाच्या खुर्चीवर बसली.

अर्थकारण

या कार्यक्रमाचे चिनी दूरचित्रवाणीतील महत्त्व संगीतापेक्षा त्याच्या कराराच्या रचनेत अधिक आहे. तोवर वाहिनी कार्यक्रमाचा ठरावीक मोबदला देई व जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे ठेवी. येथे निर्मिती कंपनीने जोखीम घेतली आणि त्या बदल्यात जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवला. निर्मिती व प्रसारण यांची फारकत, असे या पद्धतीचे वर्णन केले जाते. मार्गदर्शकांनाही केवळ मानधनावर न ठेवता मोबाइलवरील कॉलर ट्यूनसारख्या पुढील उत्पन्नाशी जोडण्यात आले.

शीर्षक-प्रायोजकत्व च्यातुओपाओ या वनौषधी चहाच्या कंपनीने ६ कोटी युआनला घेतले. तिची निकड वेगळीच होती. लाल डब्यातील चहा तिने वर्षानुवर्षे ‘वांग लाओ ची’ या भाड्याच्या नावाने विकला होता आणि मे २०१२ मधील लवादाच्या निर्णयाने ते नाव तिच्या हातून गेले होते. नवे नाव देशाच्या कानी घालण्यासाठी तिला एखादा मोठा मंच हवा होता. सूत्रसंचालक ह्वा शाओ प्रायोजकांची यादी व नियम मिळून सुमारे ३५० चिनी अक्षरे ४७ सेकंदांत म्हणून दाखवत. त्यावरून त्यांना ‘चीनची उत्तम जीभ’ हे टोपणनाव पडले आणि ‘चीनचा उत्तम अमुक’ अशा घडणीचे शब्दप्रयोग इंटरनेटवर रूढ झाले. ७ ऑक्टोबर २०१५ रोजी बीजिंगच्या राष्ट्रीय स्टेडियमवर झालेल्या चौथ्या पर्वाच्या अंतिम फेरीत ६० सेकंदांची एक जाहिरात ३ कोटी युआनला विकली गेली. ती जुन्या मोटारी विकणाऱ्या युशिन या कंपनीने घेतली होती.

यशाची नक्कल तत्काळ झाली. जुलै २०१३ पर्यंत गायनस्पर्धांची एवढी गर्दी झाली की नियामक संस्थेने वाहिन्यांना नव्या स्पर्धा सुरू करण्यापासून रोखले.

नावाचा वाद

चौथ्या पर्वानंतर टाल्पा आणि त्सानशिंग यांच्यात हक्कांच्या शुल्कावरून बोलणी फिसकटली. जानेवारी २०१६ मध्ये टाल्पाने चीनसाठीचे पाच वर्षांचे हक्क थांगदं या दुसऱ्या कंपनीला ६ कोटी अमेरिकी डॉलरना दिल्याचे जाहीर झाले. त्यामुळे एका कंपनीकडे आराखड्याचा परवाना, तर दुसरीकडे मार्गदर्शक, चमू, वाहिनी व प्रेक्षक अशी विभागणी झाली.

वादाचा कायदेशीर गाभा असा की कार्यक्रमाच्या निव्वळ कल्पनेला लेखाधिकाराचे संरक्षण मिळवणे कठीण असते. चार खुर्च्या उलट्या ठेवणे ही कल्पनाच होय. नाव आणि बोधचिन्ह यांचे तसे नाही. म्हणून खटला गाण्यावरून किंवा खुर्च्यांवरून नव्हे, तर नावावरून लढला गेला. चिनी नाव आपले आहे, अशी चच्यांग वाहिनीची भूमिका होती. जून २०१६ मध्ये बीजिंगच्या बौद्धिक संपदा न्यायालयाने थांगदंच्या अर्जावरून त्सानशिंगला ते नाव वापरण्यास तात्पुरती मनाई केली. नवे पर्व काही आठवड्यांवर आले असताना कार्यक्रमाचे नाव बदलून ‘चीनचा नवा गानस्वर’ अशा अर्थाचे ठेवण्यात आले आणि १५ जुलै २०१६ रोजी तो ठरल्याप्रमाणे सुरू झाला. खुर्च्या आता वळत नव्हत्या. बटण दाबले की त्या रुळांवरून उतरत मंचाकडे घसरत येत. ज्या प्रायोजकाने हरवलेल्या नावाच्या भरपाईसाठी या कार्यक्रमाला मोठे केले, त्याच्यासारखीच पाळी कार्यक्रमावर यावी, हा योगायोग विलक्षण आहे.

नाव गेले तरी प्रेक्षक फारसे गेले नाहीत. उलट परवाना असलेल्या थांगदंला स्वतःचा कार्यक्रम पडद्यावर आणता आला नाही. टाल्पाने २०१७ च्या अखेरीस तिच्याशी करार संपवला. याच काळात नियामक संस्थेने परदेशी आराखड्यांच्या संख्येवर बंधने घातली. विदेशी साचे विकत घेण्याच्या चिनी वाहिन्यांच्या धोरणाला त्यामुळे ओहोटी लागली.

तैवानमधील विरोध

२४ सप्टेंबर २०१७ रोजी कार्यक्रमाच्या नावाने तैपेई येथील राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या मैदानावर संगीत महोत्सव आयोजित झाला. प्रसिद्धीपत्रकात विद्यापीठाच्या नावातील ‘राष्ट्रीय’ हा शब्द वगळून तेथे ‘तैपेई शहर’ असा उल्लेख होता. विद्यार्थी मैदान वापरण्यावरून आधीच नाराज होते. निदर्शकांनी मंचाचा ताबा घेतल्याने कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला आणि चीनशी एकीकरणाचा पुरस्कार करणाऱ्यांशी झालेल्या झटापटीत विद्यार्थी जखमी झाले. मंचावर तैवानी गायक असणे ही निर्मात्यांच्या दृष्टीने बाजारपेठेची बाब होती. तैवानमध्ये तिचा अर्थ वेगळा लावला गेला.

स्थगिती

हाँगकाँगमध्ये जन्मलेली अमेरिकी गायिका कोको ली हिने २०२२ च्या पर्वात पाहुणी म्हणून भाग घेतला होता. ५ जुलै २०२३ रोजी तिचे निधन झाले. ऑगस्टच्या मध्यास तिच्या आवाजातील ध्वनिमुद्रण इंटरनेटवर पसरले. चित्रीकरणाच्या वेळी आपल्याला अयोग्य वागणूक मिळाली आणि स्पर्धेचे नियम न्याय्य रीतीने लावले गेले नाहीत, असा आरोप त्यात होता. निर्मात्यांनी हे ध्वनिमुद्रण हेतुपुरस्सर कापून जोडलेले असल्याचे म्हटले. त्यानंतर इतर माजी सहभागींच्याही तक्रारी पुढे आल्या. त्सानशिंगची मूळ कंपनी डिसेंबर २०२२ मध्येच हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदली गेली होती. अल्पावधीत तिच्या समभागाचे मूल्य निम्म्याहून खाली आले.

२०२३ चे पर्व २८ जुलै रोजी सुरू झालेले होते. २५ ऑगस्ट रोजी चच्यांग वाहिनीने तक्रारींच्या चौकशीचे कारण देत त्याचे प्रसारण मध्येच थांबवले.