नव्या काळाची मोडी : शालेय विद्यार्थी आणि डिजिटल कौशल्ये

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतून काय शिकवावे हे स्पष्ट सांगितले आहे. बालबोध व मोडी लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरणाची ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे ते विषय होत. यात मोडी कशाला, असे आजच्या वाचकाला वाटेल. पण त्या काळी कर्जरोखे, जमाखर्च व सरकारी दप्तर मोडीत असे. ज्याला मोडी येत नसे, त्याला कुलकर्णी किंवा सावकार जे वाचून दाखवील ते खरे मानून अंगठा उठवावा लागे.

आज सातबारा, बँकेचे खाते, नोकरीची जाहिरात, दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. पडदा हीच आजची मोडी आहे. बँकेच्या खिडकीत बसणाऱ्या आम्हा लोकांना रोज असे तरुण भेटतात, की ज्यांना मोबाईलवर चित्रफिती पाहता येतात, परंतु स्वतःच्या अर्जाचा पासवर्ड विचारला तर "तो अर्ज भरणाऱ्या दुकानदाराकडे आहे" असे सांगतात. मोबाईल हाताळता येणे आणि त्यावर व्यवहार करता येणे यांत फरक आहे. हा फरक आठवी-नववीच्या वयातच शिकवला पाहिजे, कारण त्यानंतर लगेच अर्ज, प्रवेश व खाती यांची रांग सुरू होते.

शिरूर तालुक्याला यासाठी दूर पाहण्याची गरज नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकले म्हणजे ज्ञान पक्के होते, हे त्यांचे सूत्र होते. त्यातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस कार्यशाळा, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या क्षेत्रांतील प्रत्यक्ष काम करावे, अशी त्याची रचना आहे. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने पाबळलाच भारतातील पहिली फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर आराखडा काढावयाचा व त्याबरहुकूम यंत्राने वस्तू कापून तयार करावयाची, असे तेथील काम. पाबळपासून घेण्यासारखा धडा असा, की संगणक हे अवजार आहे आणि अवजार काम करतानाच शिकता येते.

हे सूत्र आपल्या मुलांच्या बाबतीत कसे लावावे? चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, मराठी टंकलेखन. इन्स्क्रिप्ट या मांडणीत डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने असतात. रोज अर्धा तास सराव केल्यास मुले काही आठवड्यांत स्वतःचा अर्ज स्वतः टंकलिखित करू शकतात.

दुसरी, हिशेबाचा तक्ता. घरच्या दुधाची पावती घ्यावी. तारीख, लिटर, फॅट, दर व रक्कम असे रकाने करावेत. लिटर गुणिले दर हे सूत्र एकदा घातले, की महिन्याची बेरीज आपोआप येते. डेअरीच्या बिलाशी ती ताडून पाहणारा मुलगा गणित आणि संगणक दोन्ही शिकतो.

तिसरी, माहितीची पारख. दौंड जंक्शनवरून सुटणाऱ्या गाडीची वेळ रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधावी आणि तीच माहिती इतरत्र कशी दिली आहे ते पाहावे. कोणावर विश्वास ठेवावा हे यातून कळते.

चौथी, पैशाची सुरक्षितता. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. ओटीपी कोणालाही, बँकेचा माणूस म्हणविणाऱ्यालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काळातच अधिक असते. शिवाय आधारवर आधारित शासकीय रक्कम, आधारशी शेवटी ज्या खात्याची जोडणी झाली त्या खात्यात जमा होते. "शिष्यवृत्ती आलीच नाही" म्हणणाऱ्या कित्येकांचे पैसे दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

साधने कमी आहेत ही अडचण खरी आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरात एकच फोन होता तो वडिलांबरोबर कामावर जाई आणि अभ्यास थांबे. आजही घरात एकच फोन असला तर तो बहुधा मुलाच्या हाती जातो, मुलगी मागे राहते. म्हणून दोघा-तिघांत एक संगणक असला तरी चालेल, मात्र प्रत्येकाच्या बोटांना पाळी मिळाली पाहिजे आणि मुलींची पाळी आधी लागली पाहिजे. एकाने टंकलेखन करावे, दुसऱ्याने सांगावे, तिसऱ्याने तपासावे, आणि मग जागा बदलाव्यात.

या दोन तालुक्यांत आपले कितीतरी बांधव शिक्षक, रेल्वे कर्मचारी, कारखान्यांतील तंत्रज्ञ व बँक कर्मचारी आहेत. त्यांनी रविवारचा एक तास व जुना चालू संगणक समाजमंदिरात दिला, तरी सुरुवात होते. वर्षअखेरीची परीक्षाही सोपी आहे. मुलाने किंवा मुलीने आपला पासवर्ड स्वतः ठरवावा, स्वतःच लक्षात ठेवावा आणि आपला अर्ज कोणाच्याही मदतीशिवाय भरून दाखवावा. आपल्या आजोबांना अंगठा उठवावा लागला. नातवंडांच्या हाती चावी असावी, एवढी तजवीज आपण निश्चित करू शकतो.