वाफेवरचे रंगीत पाव : हुनर हाताचा, चौकशी चरबीची

पाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भट्टी उभी राहते. उत्तर चीनमध्ये मात्र गव्हाच्या पिठाचा पाव पिढ्यान्‌पिढ्या वाफेवर उकडला जातो. साध्या गोल पावाला तेथे ‘मांतोऊ’ म्हणतात. शान्सी, शेन्सी आणि शांतुंग या प्रांतांत याच पिठाचे वाघ, ससे, मासे, पक्षी आणि फुले करण्याची जुनी चाल आहे. त्याला ‘हुआमो’ म्हणजे फुलांचे पाव असे नाव आहे. मूल जन्मले, लग्न ठरले, नवे वर्ष आले की घरच्या बायका कात्री, कंगवा आणि चाकू घेऊन बसत. डोळ्यांच्या जागी काळे उडदासारखे दाणे आणि सजावटीला लाल खजुरासारखी चिनी बोरे लावीत. शान्सीतील वनशी काउंटीच्या या कलेला चीन सरकारने २००८ साली राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतले. घरातले काम आता दुकानात आले असून मुलांच्या वाढदिवसासाठी असे पाव मागवले जातात.

पूर्वी पाव पांढराच उकडून वरून रंगाची बोटे ओढत. हल्ली भोपळा, पालक, गाजर, जांभळे रताळे यांचा लगदा पिठातच मळतात. आमच्या वाचकांच्या कामाची गोष्ट याच्याही अलीकडची नाही, उलट जुनी आहे. चीनच्या वायव्येस कान्सू व चिंघाय प्रांतांत हुई मुसलमानांची मोठी वस्ती आहे. त्या भागात उकडलेल्या पावाच्या घड्यांमध्ये हळद आणि मेथीच्या जातीच्या एका सुवासिक पाल्याची पूड घालतात. एक घडी पिवळी, एक हिरवी, मध्ये सरसूच्या जातीचे तेल. रंग, वास आणि चरबी तिन्ही झाडापासूनच. हळद आणि मेथी आपल्या कोणत्या घरात नाही?

चरबीचा मुद्दा मुद्दाम काढला. दक्षिण चीनच्या पद्धतीत पाव मऊ आणि पांढराशुभ्र राहावा म्हणून पिठात डुकराची चरबी घालण्याची चाल आहे. वरून पाहून ती ओळखता येत नाही. आत सारण गोड डाळीचे असले तरी पीठ हलाल असेलच असे नाही. म्हणून परदेशी कृती पाहून धंदा करणाऱ्याने, किंवा तयार गोठवलेला माल आणून विकणाऱ्याने, पहिली चौकशी चरबीची करावी आणि दुसरी रंगाची. ‘नैसर्गिक रंग’ एवढे शब्द पाकिटावर पाहून समाधान मानू नये. कार्माइन हा तांबडा रंग नैसर्गिकच आहे, पण तो कीटकापासून काढतात. पाकिटावर त्याचा क्रमांक १२० असा असतो आणि तो खाण्याबद्दल उलेमांची मते एक नाहीत. भाजीचा लगदा स्वतः करणाऱ्याला ही यातायातच नाही.

आता प्रत्यक्ष काम. अर्धा किलो मैदा, सुमारे पाव लिटर कोमट पाणी किंवा दूध, पाच ग्रॅम सुके यीस्ट, तीन-चार चमचे साखर आणि चमचाभर तेल. यात चाळीस ग्रॅमचे वीस पाव होतात. भोपळ्याचा लगदा घातला तर पाणी तेवढे कमी करावे, नाहीतर कणीक सैल होऊन ससा बसका होतो. कणीक चांगली मळून, लाटून, घडी घालून पुन्हा लाटावी, म्हणजे आतली हवा निघते आणि पावाची कातडी गुळगुळीत येते. सगळी मेख येथेच आहे. आपण कान चिकटवीत असतो तोवर कणीक फुगतच असते. पहिला ससा आणि विसावा ससा यांत फरक पडतो, कारण पहिला वाट पाहून जास्त फुगलेला असतो. म्हणून एका वेळी थोडीच कणीक बाहेर ठेवावी, बाकीची फ्रीजमध्ये. कान, शेपटी पाण्याचे बोट लावून चिकटवावी. कोरडे पीठ मध्ये राहिले तर उकडताना सुटून येते. साळिंदर सर्वांत सोपे : लांबट गोळा, एक टोक निमुळते, पाठीवर कात्रीच्या टोकाने बारीक चिमटे, डोळ्यांना काळे तीळ. (चिनी दुकानांत डुकराचा आकार सर्रास दिसतो. आपल्याकडे तो कोणी करणार नाही, हे सांगायला नको.)

आकार दिल्यावर दीडपट फुगू द्यावे आणि मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटे उकडावे. झाकणाला फडके बांधावे, कारण वाफेचा थेंब पडला की त्या जागी डाग उठतो. आच बंद केल्यावर झाकण लगेच उघडू नये. चार-पाच मिनिटे थांबावे. घाई केली तर पाव सुरकुततो आणि सारी मेहनत वाया जाते.

रंगांचे स्वभाव माहीत हवेत. भोपळा, गाजर आणि हळद वाफेत टिकतात. पालक थोडा मळकट होतो. बीट सर्वांना हवेसे वाटते, पण त्याचा गुलाबी रंग उष्णतेने फिका पडतो. लिंबाचे चार थेंब थोडी मदत करतात, पूर्ण नाही. गोकर्णाच्या फुलाचा निळा रंग लिंबू लागताच जांभळा होतो. पिठात खाण्याचा सोडा पडला तर हळद तांबूस होते आणि जांभळे रताळे हिरवट-निळे. यीस्टच्या पावात सोड्याची गरजच नसते, तो न घातलेला बरा.

सजीवांच्या आकृतीचा प्रश्न काही वाचक विचारतील. खाण्याच्या वस्तूबाबतही उलेमांत मतभेद आहेत. ज्याला शंका वाटेल त्याने आपल्या भागातील मुफ्तींना आधी विचारावे. हुआमोचा अर्थच मुळी फुलांचे पाव. गुलाब, पाने, भोपळा, चांद-तारा यांचा मालही तितकाच देखणा होतो आणि ईदच्या टेबलावर शोभतो.

हिशेबाचे म्हणाल तर मैदा, साखर, भाजी यांचा खर्च किरकोळ आहे. महाग आहे तो हात. म्हणून भाव ठरवण्यापूर्वी घड्याळ लावून वीस पाव करून पाहावे आणि तेवढ्या वेळाची मजुरी प्रत्येक पावावर चढवावी. ती न चढवता पावाच्या लादीच्या हिशेबाने भाव सांगणारा महिनाभरात कंटाळेल. गार झाल्यावर हा पाव कडक होतो, पण गोठवून ठेवला आणि पुन्हा वाफ दिली की मऊ होतो. त्यामुळे ऑर्डर नसलेल्या दिवशीही करून ठेवता येतो.

मुंबईच्या बेकरीवाल्यांना हे वाचताना दुसरीच गोष्ट आठवेल. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, आणि या धंद्यात आपल्या बिरादरीचे हात बरेच आहेत. सशांच्या पावाने त्या भट्टीचा खर्च निघणार नाही, अशी भाबडी आशा आम्ही कोणाला दाखवत नाही. लादीपावाचा धंदा वजनाचा आहे, हा बोटांचा. मात्र मैदा, यीस्ट आणि कणीक कधी तयार झाली हे ओळखणारा हात बेकरीत आधीच आहे. नवे लागते ते एक मोमोवाल्याकडे असते तसले मोठे वाफेचे भांडे आणि गॅसची एक शेगडी. घरातील आई-बहिणींनाही हे जमते, फक्त विक्रीपूर्वी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्यावी. सुरुवात शाळेतल्या एखाद्या वाढदिवसाच्या वीस पावांनी करावी, आणि ते वीसही आधी घरच्या मुलांपुढे ठेवून पाहावेत. कान गळालेला ससा मुले लगेच ओळखतात.