चाकावरचं अक्षर

आयफोनवर गजर लावताना बोटाने चाक फिरवतो ना, तसलंच चाक हवी ती यादी भरून आपल्या ॲपमध्ये बसवता येतं. नाव 'यूआयपिकरव्ह्यू'. मेसच्या ॲपमध्ये मी त्यात भाज्या भरल्या आहेत. पण निवडणार मेसचे काका, आणि त्यांना चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही. म्हणजे फॉन्ट बदलणं आलंच.

गंमत अशी, की या चाकाला फॉन्ट नावाची प्रॉपर्टीच नाही! ते प्रत्येक ओळीसाठी डेलिगेटला विचारतं, "इथे काय दाखवू?" 'टायटलफॉररो'मधून नुसतं नाव दिलं, तर अक्षर चाकाच्या मर्जीचं. 'ॲट्रिब्यूटेड' नाव दिलं, तर रंग बदलतो, आकार मात्र ढिम्म हलत नाही. म्हणून सरळ 'व्ह्यूफॉररो' लिहायचं आणि अख्खं लेबलच परत द्यायचं. लेबल आपलं, तर फॉन्टही आपला.

इंग्रजीचं काम इथे भागतं; देवनागरीचं नाही. 'कुर्मा' घ्या. रफार वर, उकार खाली. अक्षर वाढवलं आणि ओळ तेवढीच ठेवली, तर दोन्ही छाटले जातात (मग काकांनी वाचायचं काय, 'कमा'?). त्यासाठी 'रोहाइटफॉरकंपोनंट'मधून उंची वाढवा. मी २४ पॉइंटच्या अक्षराला ४४ ठेवली आहे.

आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, 'यूआयफॉन्टमेट्रिक्स' आहे. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं, की त्याच प्रमाणात आपला फॉन्टही मोठा करून मिळतो. ओळीची उंचीही त्यातूनच काढा, आणि सेटिंग बदललं की 'रीलोडऑलकंपोनंट्स' करा. नाहीतर चाक जुनंच अक्षर फिरवत बसतं.