पंचवीस जुलैचा बोर्ड

सकाळी साडेसहा. खुटबावात वकिलाचं ऑफिस म्हणजे घराची ओसरी. पक्षकार चहाच्या आधीच हजर, रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी दिल्यानं डोळे तांबारलेले. "वकीलसाहेब, भावकीनं रस्त्यात चारी उकरलीय, ट्रॅक्टर निघंना." दिवाणी दावा लावला तर मुलगा म्हातारा होईल. तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज द्या, म्हटलं. कायदा 1906 सालचा, पण अडवलेली वाट मोकळी करायला अजून कामाला येतो. माझी फी मात्र आटली.

नऊ. दौंडची शटल. केडगाव, कडेठाण, पाटस. गाडीत मी सहसा फाइल वाचतो. आज डोक्यात सार्वजनिक काका. गणेश वासुदेव जोशी, जन्म साताऱ्याचा, 1828 चा, वकिली पुण्यात. 25 जुलै 1880 ला गेले. पुणे सार्वजनिक सभा 1870 ची, म्हणजे काँग्रेसच्या पंधरा वर्षं आधीची. 1877 च्या दिल्ली दरबाराला हा माणूस खादी घालून गेला.

अकरा. बोर्ड. पुकारा, मुदतीचा अर्ज, पुढली तारीख. साक्षीदार आला नाही. पुन्हा पुकारा.

एक. एका पक्षकाराची जमीन. हातउसने घेतले होते, कागद मात्र खरेदीखताचा. 2014 च्या सावकारी कायद्यानं असा व्यवहार जिल्हा निबंधकाला रद्द ठरवता येतो, तिकडे तक्रार लिहायला बसलो. मे 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, ते याच दुखण्यापायी. समन्स आलं तरी शेतकरी कोर्टात जात नसे, एकतर्फी हुकूमनामे होत. काकांनी पुण्यात लवाद कोर्टं काढली: कोर्टाबाहेर, पंचांपुढे. पोट वकिलीवर असताना वकीलच दावे कमी करायला निघाला.

अडीच. बाररूम, डबे उघडलेले, आणि वाद पेटलेला. तालुक्यात सगळे थू थू करताहेत अशा गुन्ह्यातल्या एका आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा ठराव करा, असं काही जणांचं म्हणणं. मी म्हटलं, असे ठराव बेकायदा आहेत, सुप्रीम कोर्टानं 2010 साली स्पष्ट सांगितलंय. "कायदा ठाऊक आहे हो, पण लोक काय म्हणतील?"

लोक 1879 सालीही होतेच. फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळाला. सरकारचा संशय इतका की न्यायाधीश असलेल्या रानड्यांचं टपालही उघडून पाहिलं जाई. जुलैत फडके पकडले गेले. आरोप सरकारविरुद्ध युद्धाचा. अशा आरोपीचं वकीलपत्र म्हणजे स्वतःच्या दारात पोलीस बोलावणं. काकांनी ते घेतलं. फडक्यांची बंडाची वाट त्यांना पटत होती असं मला वाटत नाही. ते अर्ज-निवेदनांचे, सभेचे माणूस. म्हणूनच मला त्या वकीलपत्राचं मोल जास्त वाटतं. निकाल वाईटच लागला: नोव्हेंबरात जन्मठेप काळ्यापाण्याची, मग एडन. पुढच्या जुलैत काका गेले. बचाव हरला तरी बचाव झाला, हे आमच्या धंद्यातलं फार जुनं समाधान, आणि कधीकधी तेवढंच हाती लागतं.

साडेचार. आरोपीची आई कोर्टाच्या आवारात बसलेली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मी विचारलं, "मावशी, आधारकार्ड आणलंय?" तिनं पिशवीतून पासबुक, रेशनकार्ड, सगळंच काढलं. वकीलपत्राचा छापील कागद घेतला, कोर्टफी स्टॅम्प लावला. सही आरोपीची लागते, म्हणून जेलरमार्फत पाठवायची तजवीज केली.

सात. परतीची गाडी, उभ्यानंच. कडेठाणपर्यंत दोघा सहकाऱ्यांचे फोन येऊन गेले. एकानं शिव्या घातल्या. दुसऱ्यानं जामीन अर्जाचा मसुदा तपासून देतो म्हणून सांगितलं, फक्त नाव कुठं घालू नका म्हणाला.

नऊ. जेवण उरकलं. आता तो मसुदा.