मोबाइलमधला वॉकी-टॉकी आणि खरा वॉकी-टॉकी: बटण तेच, रस्ता वेगळा

आमच्याकडे कळंबला शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की नाना, म्हणजे माझे चुलते, घोड नदीच्या काठावर मोटरीपाशी असतात आणि चुलतभाऊ वरच्या अंगाला उसात पाणी भरत असतो. जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: इथला ऊस हा बिबट्यांचा कायमचा पत्ता झालाय. माद्या उसातच पिल्लं घालतात. रात्री अकरा वाजता फडाच्या कडेने पायी जाताना माणूस काठी, बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी, एवढं सोबत ठेवतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. एका डिसेंबरात सुट्टीला घरी आले तेव्हा हुशारी केली. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये एक फुकटचं वॉकी-टॉकी अ‍ॅप टाकलं, ग्रुप बनवला आणि नानांना शिकवलं: "हे मोठं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. नंबर लावायची भानगड नाही." नाना खूश. चार दिवस झकास चाललं.

पाचव्या रात्री नानांनी बटण दाबून सांगितलं, "खालच्या बांधावर बिबट्या बसलाय. पायी येऊ नको, गाडी घेऊन ये." फोनने टुंग केलं. नानांना वाटलं, निरोप गेला. इकडे चुलतभाऊ चहाची किटली घेऊन पायीच निघाला होता. तो मोटरीपाशी पोचला, नाना त्याच्यावर ओरडले, आणि मग त्याच्या खिशातून नानांचाच आवाज आला: "खालच्या बांधावर बिबट्या बसलाय." सहा-सात मिनिटं उशिरा.

बिबट्या तोवर निघून गेला होता, म्हणून हा किस्सा हसत सांगता येतो. पण नानांनी त्या रात्री मला विचारलं, "मग ह्या डबड्याचा उपयोग काय?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आवाज नेमका जातो कुठून?

खऱ्या वॉकी-टॉकीत, म्हणजे टू-वे रेडिओत, तुम्ही बटण दाबलं की सेट तुमचा आवाज रेडिओ लहरींवर चढवतो आणि अँटेनातून थेट हवेत सोडतो. त्याच चॅनलवर असलेला दुसरा सेट त्या लहरी पकडतो. मध्ये टॉवर नाही, सिम नाही, कंपनी नाही. एका वेळी एकानेच बोलायचं, कारण दोघांसाठी वाट एकच आहे.

अ‍ॅपमध्ये बटण तसंच दिसतं, पण आतली गोष्ट पूर्ण वेगळी आहे. अ‍ॅप तुमच्या आवाजाचे छोटे छोटे तुकडे करतं. एक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा. ते दाबून लहान करतं आणि इंटरनेटवरून पाठवतं. म्हणजे नानांच्या फोनमधून टॉवर, टॉवरमधून फायबर, फायबरमधून मुंबईतल्या नाहीतर परदेशातल्या सर्व्हरवर, आणि तिथून उलट सगळा प्रवास करून चुलतभावाच्या फोनमध्ये. दोघांमधलं अंतर अर्धा किलोमीटरही नव्हतं. आवाज मात्र शेकडो किलोमीटर फिरून येणार होता.

नेट चांगलं असेल तर हा फेरा सेकंदाच्या आत होतो, म्हणून फरक जाणवत नाही. नदीच्या खोलगट भागात नेटची एक काडी येत-जात असली की खरा रंग दिसतो.

निरोप उशिरा का वाजला?

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही फोन घेऊन बसले. दोन कारणं सापडली.

पहिलं, नानांच्या फोनला त्या जागी डेटा नव्हता. अशा वेळी अ‍ॅप निरोप स्वतःकडे रांगेत ठेवतं आणि नेट आलं की पुढे ढकलतं. टुंग आवाज निरोप "पोचल्याचा" नव्हता, "रेकॉर्ड झाल्याचा" होता.

दुसरं, चुलतभावाच्या फोनने अ‍ॅपला झोपवलं होतं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोन खिशात पडून राहिला की बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणाऱ्या अ‍ॅप्सचं नेट थोड्या थोड्या वेळासाठी बंद ठेवतो. काही कंपन्यांचे फोन याहून कडक वागतात आणि अ‍ॅपच बंद करून टाकतात.

माझ्या मते दोन्ही साधनांतला सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. रेडिओला आठवण नसते. निरोप त्या क्षणी पोचला तर पोचला, नाहीतर हवेत विरला; समोरून उत्तर आलं नाही की तुम्हाला लगेच कळतं. अ‍ॅपला आठवण असते, आणि एरवी ती सोयच आहे. मीटिंगमध्ये असाल तर निरोप नंतर ऐकता येतो. पण धोक्याच्या वेळी उशिरा पोचलेला निरोप न पोचल्यापेक्षा वाईट, कारण पाठवणारा निर्धास्त होऊन बसलेला असतो.

"नेटशिवाय ५ किलोमीटर चालणारं अ‍ॅप"

अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. विश्वास ठेवू नका. फोनमध्ये रेडिओ असतो हे खरं, पण तो मोबाइल नेटवर्क, वाय-फाय आणि ब्लूटूथ यांच्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सींपुरता बांधलेला असतो. वॉकी-टॉकीच्या फ्रीक्वेन्सीवर बोलायला लागणारं सर्किट आणि अँटेना त्यात नसते. कुठलंही अ‍ॅप फोनमध्ये नवीन अँटेना उगवू शकत नाही. नेटशिवाय खरंच चालणारी अ‍ॅप्स ब्लूटूथ किंवा वाय-फाय वापरतात. त्यांची धाव काही मीटरपासून मोकळ्या जागेत फार तर शंभरेक मीटरपर्यंत. अंगण ते गोठा, बस्स.

हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत हार्वे वादळानंतर ह्यूस्टनच्या पुरात स्वयंसेवकांनी झेलो नावाचं वॉकी-टॉकी अ‍ॅप वापरून लोकांना वाचवलं. काही दिवसांनी इर्मा वादळ येताना लाखोंनी ते अ‍ॅप उतरवून घेतलं, आणि नेट गेलं तरी ते चालतं अशी अफवा पसरली. शेवटी कंपनीलाच सांगावं लागलं की आमच्या अ‍ॅपला इंटरनेट लागतंच.

मग रेडिओच घ्यावा का?

थांबा, रेडिओच्याही मर्यादा आहेत. भारतात परवान्याशिवाय वापरता येणारे वॉकी-टॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात चालतात, आणि तेही कमी ताकदीचे. युरोपात याच पट्ट्यातल्या सेटची कमाल ताकद अर्धा वॉट आहे. खोक्यावर किती किलोमीटर लिहिलंय त्याकडे दुर्लक्ष करा. तो आकडा दोन डोंगरमाथ्यांवर उभ्या असलेल्या दोन माणसांचा असतो.

मी मैत्रिणीच्या ट्रेकिंग ग्रुपकडून असे दोन सेट मागून आणले आणि आमच्याच रानात फिरून पाहिलं. मोकळ्या बांधावरून जवळपास किलोमीटरभर आवाज स्वच्छ. मध्ये वाढलेला ऊस आला की निम्म्या अंतरातच आवाज फाटायला लागला. कारण साधं आहे: या लहरींची लांबी सुमारे ६७ सेंटीमीटर, आणि उसाची ओली पानं आणि कांडं त्या शोषून घेतात. उपायही साधा निघाला. मोटरीच्या खोलीच्या पत्र्यावर चढून बोललं की आवाज पुन्हा स्वच्छ. रेडिओत ताकदीपेक्षा उंची जास्त कामाला येते.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. साध्या वॉकी-टॉकीवर त्या चॅनलवरचं कुणीही तुमचं बोलणं ऐकू शकतं. मेनूमध्ये "प्रायव्हसी कोड" असतो, पण त्याने तुमचं बोलणं लपत नाही. फक्त दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या सेटवर ऐकू येत नाही. चांगली अ‍ॅप्स आवाज कुलूपबंद करून पाठवतात, तिथे अ‍ॅप सरळ पुढे आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पाच वॉटचे सेट पाहून मोह होतो. त्यातले बरेच परवाना लागणाऱ्या फ्रीक्वेन्सींवर चालतात. तिथे पोलिसांपासून इतर अनेक अधिकृत यंत्रणा बोलत असतात, आणि परवान्याशिवाय असा सेट बाळगणंही बेकायदेशीर आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे सेट विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या आणि विक्रीसाठी नियमावलीही आणली. घेताना दोन गोष्टी पाहा: फ्रीक्वेन्सी ४४६.० ते ४४६.२ लिहिली आहे का, आणि सरकारची उपकरण-मंजुरी, म्हणजे ईटीए, आहे का. जास्त ताकदीच्या रेडिओची हौसच असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते.

आपल्या भागाला याचं आणखी एक कारण आहे. खोडदची जीएमआरटी दुर्बीण आठवा. शाळेत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही तिथे प्रदर्शन बघायला जायचो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि काम काय, तर आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकायच्या. तिच्या पट्ट्यांपैकी एक साधारण २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे वॉकी-टॉकीची फ्रीक्वेन्सी त्याच्या आतच पडते. कीर्तन रंगात असताना मंडपात कुणी शिट्टी फुंकावी तसा तिच्या शेजारी वाजणारा जोरदार सेट. कमी ताकदीचा नियम उगाच नाही.

कुठे काय वापराल?

अंतर लांब आणि नेट पक्कं असेल तर अ‍ॅप. मंचरच्या बाजारात गेलेला टेम्पो, पुण्यातली मी आणि घरचे, सगळे एका ग्रुपवर येऊ शकतो. रेडिओला हे जमणार नाही. खर्चही किरकोळ: १६ किलोबिट प्रति सेकंद वेगाने पाठवलेला आवाज मिनिटाला साधारण १२० केबी खातो, म्हणजे दहा मिनिटं बोलून सव्वा एमबी.

अंतर कमी, पण नेटचा भरवसा नसेल तर रेडिओ. रात्रीचं रान, भीमाशंकरच्या जंगलातला ट्रेक, घाटातल्या मागे-पुढे असलेल्या दोन गाड्या. जत्रेतही तेच. आषाढीला पंढरपुरात फोनला काड्या पूर्ण असतात, तरी कॉल लागत नाही, कारण एका टॉवरवर झेपतील त्याहून जास्त लोक लटकलेले असतात.

आणि सगळ्या गावाला एकदम सांगायचं असेल तर दोन्ही नकोत. पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. नोंदणी केलेल्या माणसाने टोल फ्री नंबरवर फोन करून निरोप बोलला की तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. याला इंटरनेट लागत नाही, बटणांचा साधा फोनही चालतो. बिबट्या दिसला तर यासोबत वनविभागाचा १९२६ नंबर आहेच.

एक मात्र लक्षात ठेवा, यातलं काहीही अभेद्य नाही. ३० जुलै २०१४ ला आपल्याच तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेरच्या जगाला बातमी दिली ती एसटीच्या चालकाने, गाडी घेऊन तो तिथवर गेला आणि गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. त्या सकाळी निरोप एका माणसाच्या डोळ्यांनी आणि पायांनी गेला.

अ‍ॅपच वापरणार असाल तर

१. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरची सगळी बंधनं काढा.

२. जिथे काम करता तिथे उभं राहून नेट तपासा. घरात बसून नाही.

३. "ऐकलं" म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरू नका. रेडिओवाले "रॉजर" म्हणतात ते याचसाठी, त्याचा अर्थ "मिळालं". उत्तर आलं नाही तर सरळ कॉल लावा. डेटा नसलेल्या जागीही पुष्कळदा साधा कॉल लागतो.

आमच्या घरात आता अ‍ॅप दिवसा चालतं आणि रात्रीच्या पाळीला काही हजारांत घेतलेली ४४६ ची जोडी. एक सेट मोटरीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला, दुसरा चुलतभावाच्या कमरेला. घरातून निघताना तो बटण दाबून म्हणतो, "नाना, निघालो." आणि नानांचं "ऐकलं, ये" आल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.