चाचणी निगेटिव्ह, मग दुखणे कशाचे?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची एवढी दाटी आहे, की इतवारीतल्या माणसाला ओळखीचे कोणी भेटणार नाही असा डॉक्टर सहज सापडतो. एचआयव्हीच्या भयाने पछाडलेला रुग्ण नेमका असाच डॉक्टर शोधतो. रक्त देतो, अहवाल निगेटिव्ह येतो. थकवा, वारंवार तोंड येणे, घटते वजन, पायांतील मुंग्या मात्र तशाच राहतात. मग दुसरी प्रयोगशाळा आणि पुन्हा तीच चाचणी. संपूर्ण हकिगत कोणत्याच डॉक्टरच्या कानी पडत नाही, हेच या भटकंतीतील खरे नुकसान होय.

वस्तुतः शंकेच्या प्रसंगानंतर तीन महिने उलटल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर तो प्रश्न मिटला असे मानावे. मेडिकल व मेयो या शासकीय रुग्णालयांत ही तपासणी विनामूल्य होते, आणि 2017 च्या कायद्याने गोपनीयतेची हमीही दिली आहे. 1992 मध्ये विषाणू नसतानाही सीडी-4 पेशी घटलेले काही रुग्ण जगासमोर आले आणि मोठी खळबळ उडाली. कसून शोध घेता तो विकार अत्यंत विरळ निघाला. तो संसर्गाने पसरत असल्याचा पुरावाही मिळाला नाही.

नेहमीची कारणे याहून साधी असतात. क्षयरोग, थायरॉईड, मधुमेह यांचा विचार प्रथम व्हावा; सांधे व हाडे वारंवार दुखत असतील, तर विदर्भात सिकलसेलचाही. भीतीनेही झोप उडते, छाती धडधडते, अन्न गोड लागत नाही. हा त्रास खरा असतो, त्याला सोंग म्हणणे अन्यायाचे आहे.

शाकाहारी घरांनी मात्र बी-12 जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष द्यावे. थकवा, लालबुंद जीभ, हातापायांना मुंग्या, विस्मरण, उदासी ही त्याच्या अभावाची लक्षणे भयग्रस्ताला सहज एड्सची वाटतात. वनस्पतीजन्य आहारात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच, आधार दूध-दह्याचा. आयंबिलात तेही वर्ज्य. तथापि नऊ दिवसांच्या ओळीला दोष देऊ नये, कारण यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरतो. दूध मुळातच अल्प घेणारे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे, यांचा साठा हळूहळू आटतो. उपचार सोपा व स्वस्त आहे. परंतु विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि ही हानी आतून चालूच राहते.

म्हणून सारे जुने अहवाल तारखेनुसार एकाच फायलीत लावून एकाच फिजिशियनकडे जावे आणि भीतीचे मूळ कारणही संकोच न करता सांगावे. कोणाच्या सल्ल्याने बी-12 च्या गोळ्या आधीच सुरू केल्या असतील, तर तेही सांगणे आवश्यक आहे. अन्यथा रक्तातील प्रमाण पुरेसे दिसते आणि खरे कारण पुन्हा निसटते.